पारोशी लक्ष्मी आणि अण्णांचं बीड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या माल वाहतूक संस्थेचे चेअरमन माननीय लालासाहेब, व्यासपीठावरचे संचालक, सत्कारमूर्ती सयाजीराव, तासगाव-शिराळ्याहून आलेले सभासद, ड्रायव्हर मंडळी आणि माताभगिनींनो,

वर्कशॉपचे प्रमुख सयाजीराव आज निवृत्त होत आहेत. त्यांच्याविषयी दोन शब्द बोलायला मला, सांगलीच्या धन्यकुमार नेमिनाथ मगदूमला, का बोलावलं, हे मला कळलेलं नाही. पण बोलावलंच आहे, तर बोलतो.

सयाजीरावांची शिस्त आपण सगळ्यांनी पाहिली. ट्रक म्हणजे लक्ष्मी, आणि पारोशी लक्ष्मी फाटकातून आत यायची नाही, हा त्यांचा नियम. घाट चढून आलेली गाडी फाटकावर थांबायची, बॉनेट उघडायचं आणि गार पाण्याचा पाइप थेट इंजिनवर. अंघोळ झाली की हळदकुंकू, मग प्रवेश. भक्तिभावाला नावं ठेवणारा मी कोण?

आता जरा आमच्या धंद्याचं. इंजिनातला जळता धूर सायलेन्सरकडे नेणारी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जाड नळी असते, तिला मॅनिफोल्ड म्हणतात. घाट चढताना ती निखाऱ्यासारखी तापते. बाहत्तरच्या दुष्काळात धान्याच्या गाड्या अडून पडल्या, कंपनीचे सुटे भाग मिळेनात, तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आमच्या फौंड्रीत ती ओतून दिली. गाड्या चालल्या. पुढं त्या नळ्या एकेक करून तडकायला लागल्या.

आणीबाणीतली आपली सर्वसाधारण सभा आठवते ना? सयाजीरावांनी तडकलेलं मॅनिफोल्ड दोन्ही हातांनी उचलून सभेला दाखवलं आणि म्हणाले, "हे सांगलीचं बीड. बीड कसलं, पापड आहे." सभा हसली. लालासाहेब, आपणही हसलात, माफ करा. अण्णा पहिल्या रांगेत होते. त्या दिवसापासून ते कुठल्याही सभेत पुढं बसलेले नाहीत. आजही बघा, दारापाशी शेवटच्या खुर्चीवर आहेत.

आमचं काम बंद झालं. संस्थेनं वशिला लावून कंपनीची मॅनिफोल्ड आणली. तीही तडकली. तेव्हा मात्र सभा भरली नाही, पापडही कुणाला आठवला नाही.

तेव्हा मी आपल्या आकाराम ड्रायव्हरला गाठलं. तो म्हणाला, "आवं, पानी पडलं की टाळकन आवाज येतोय. आमी रोज ऐकतोय." मग सांगितलं का नाहीस? "लक्ष्मीच्या अंगुळीला न्हाई कोन म्हननार? नोकरी हाय न्हवं."

उपाय काय होता? काहीच खर्चाचा नव्हता. घाटातून आलेलं इंजिन थोडा वेळ नुसतं सुरू ठेवायचं, मग बंद करून झाडाखाली निवू द्यायचं. सायलेन्सरचं ओझं त्या नळीवर लोंबू द्यायचं नाही, त्याला वेगळी पट्टी मारायची. आणि अंघोळ घालायचीच, तर अंग गार झाल्यावर. शिराळ्याच्या खाणीवर अण्णांचीच मॅनिफोल्ड अजून चालताहेत. तिथली लक्ष्मी पारोशी असते, एवढंच.

सत्कारमूर्तींना मी हे तेव्हाच सांगितलं होतं. मला त्यांनी केबिनबाहेर उभं ठेवलं आणि चहासुद्धा विचारला नाही. मी ते विसरलेलो नाही. विसरायचा प्रयत्नही केलेला नाही.

आता आनंदाची बातमी. सयाजीरावांनी निवृत्तीनंतरच्या धंद्यासाठी स्वतःचा ट्रक घेतला. पहिल्याच खेपेहून आल्यावर दारात त्याला स्वहस्ते अंघोळ घातली. टाळकन आवाज झाला. कंपनीचा माल मिळेना. गेल्या आठवड्यात ते आमच्या फौंड्रीत आले आणि हळूच म्हणाले, "धन्यकुमार, एक ओतून द्या. अण्णांना मात्र कळू देऊ नका."

मी त्याच पावली आत जाऊन अण्णांना सांगितलं. अण्णांनी स्वतः उभं राहून ते ओतून घेतलं आणि मला बजावलं, "देऊन टाक, बोलू नको." आजवर त्यांचा शब्द मोडला नव्हता. देतो आहे, पण बोलून.

या टेबलाखाली गोणपाटात ते मॅनिफोल्ड आहे. शाल-श्रीफळाबरोबर आमच्याकडून ही भेट. मात्र एक अट आहे. आता सत्काराला उत्तर द्यायला सयाजीराव उठतील. त्यांनी हे त्या सभेत उचललं होतं तसंच दोन्ही हातांनी उचलावं, सगळ्यांना दाखवावं आणि बीड आहे की पापड, ते सांगावं. नाही सांगितलं, तर गोणपाट माझ्याबरोबर सांगलीला परत जाईल आणि सयाजीरावांची लक्ष्मी दारात उभी राहील.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी मला मध्येच बसवलं नाही, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर रीतीप्रमाणे क्षमा मागतो. अण्णांची मात्र मनापासून मागतो.

या, सयाजीराव. आणि जरा मोठ्यानं बोला, अण्णा शेवटच्या रांगेत आहेत.