तिसरा उलटा आठ

नाव: ठकूबाई नामदेव गजभिये. वय: कागदावर एकाहत्तर; खरे आईला ठाऊक होते. धंदा: गोधड्या शिवणे. राहणार: मुनिरका, दिल्ली. मला लिहिता येत नाही. शेजारची विद्यार्थिनी सुरुची मी बोलते तसे मराठीत उतरवत आहे. हिंदी तुमचे तुम्ही करून घ्यावे.

समक्ष सांगते की, माझी नात मैत्री, वय तेवीस, मानेसरकडच्या पार्सलच्या गोदामात कामाला आहे. सकाळी सहाला निघते, रात्री दहाला येते. सोमवारी तिथे संप होता. तेव्हापासून ती घरी आलेली नाही. आज गुरुवार.

ठाण्यातल्या साहेबांनी टेबलावरचे लाल कापड दाखवून विचारले, "अम्मा, ये कौन सी विदेशी लिपि है?" तर तो आपला आठ आहे. तीन आठ आहेत. तिसरा माझ्याकडून उलटा शिवला गेला. मैत्री म्हणाली, "राहू दे आजी. तिसरा आपल्याला अजून मिळालाय कुठे?"

संपामागे विदेशी हात आहे का, असे विचारले. आहे. मैत्रीने सांगितले होते की, दीडशेच्या वर वर्षे झाली, ऑस्ट्रेलियातल्या पाथरवटांनी हत्यारे खाली ठेवली. आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास आपले, असे मागितले आणि मिळवले. मी विचारले, "फोन येतो का गं तुला त्यांचा?" ती एवढी हसली की चहा सांडला. साहेबांनी समन्स जरूर काढावे, पण ते सगळे मेलेले आहेत. शिवणारा हात माझा आहे. तो वर्ध्याचा.

"तुझे आठ तास मिळाले तर काय करशील?" असेही मी विचारले होते. म्हणाली, "तुला लिहायला शिकवीन." तोवर आठच शिकवून झाला.

सोमवारी सकाळी हे कापड मी स्वतः तिच्या कमरेला बांधले. गाठ माझी आहे, दुहेरी. गाठ अजून तशीच आहे. कापड शेजारून कापलेले आहे. कापड ठाण्यात पोचले. ते जिच्या कमरेला होते ती कुठे आहे, एवढेच विचारायला मी आले आहे. यावर साहेबांनी दुसराच प्रश्न विचारला.

सुरुचीने सगळे वाचून दाखवले. मी बोलले तेच आहे, कमी-जास्त नाही. अंगठा देणार नाही. मला येतो तो एकच आकडा खाली काढला आहे. या वेळी सुलटा आला. मैत्रीला दाखवावा.

८