तिघांचं पाणी

अरे, त्या काकूंचं ऐका गा. भिंतीले ओल आली म्हणून मले, प्लंबरले, बोलावलं. तोडफोड करायच्या आधी मी पाण्याच्या मीटरचे मागचे आकडे पाहतो. विचारलं, “काकू, घरात माणसं किती?”

“तीन.”

तिघांच्या मानानं पाणी बरोबर होतं. म्हटलं, गळती नसन. तरी जाता जाता सगळे नळ बंद केले, तर मीटर फिरूनच राहिला! मग भिंतीले ऐकायचं यंत्र लावलं, एकच टाइल काढली, फुटका पाइप सापडला. पण मग तिघांचं पाणी बरोबर कसं? घरात तर काकू एकट्याच दिसत होत्या.

“काकू, बाकीचे दोघं कुठं गेले?”

“काका वारले. पोरगा पुण्याले असते. सवयीनं तीनच येते तोंडात.”

पाइप जोडला, मीटर थांबला. काकू त्याच्याकडे पाहत म्हणे, “म्हणजे त्या दोघांच्या वाटचं पाणी इतके दिवस भिंतच पिऊन राहिली होती का गा?”