कडुनिंबातले खिळे

लोहारा गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या पुढं दोघं उभे होते. सास्तूरचे एक म्हातारबा आणि त्यांची लाकडं न्यायला ठरलेला ट्रकवाला. परवान्याची झेरॉक्स निघत होती.

“काय लाकूड हाय, काका?”

“कडुनिंब. भूकंपात पडल्यालं आमचं जुनं घर, त्याच्या म्होरं हुतं झाड. परवाच्या वाऱ्यात मुळासकट गेलं. चार ओंडके केल्यात.”

“चारी सॉमिलला उतरवायचे?”

“व्हय.”

“आत खिळे न्हाईत ना? खिळा लागला की करवतीचं पातं जातं, अन् मिलवाला माझ्यावर वरडतो.”

“हायत की. सहा हायत.”

“सहा? धुणं वाळत घालायची तार बांधली हुती का काय?”

“न्हाई, बाबा. आमची लेक हुती, कालिंदा. दर पोळ्याला तिला बुंध्याला टेकून उभी करायचो, अन् डोक्याबरोबर एक खिळा ठोकायचो. मग वळून बघायची, किती वाढले म्हणून.”

“पण काका, झाडासंगं खिळे बी वर गेले असतील. शोधायचे कुठं?”

“खिळे जाग्यावरच ऱ्हातात. झाड तेवढं वर जातं. समदे बुडाच्या ओंडक्यात हायत, सालीनं गिळल्यात.”

“शेवटचा कधी ठोकला?”

“त्र्याण्णवच्या पोळ्याला.”

मशीनमधनं कागद बाहेर आला. दोघांपैकी कुणी उचलला नाही.

“बुडाचा ओंडका तुमच्या दारात उतरवतो, काका. बाकीचे तीन मिलला नेतो. त्यात तर खिळे न्हाईत ना?”

“न्हाईत. वरचं लाकूड साफ हाय. एक बी खिळा न्हाई.”