राजाचा उजवा हात

ती अमावास्या होती की आदली रात्र, याबद्दल माझी आजही खात्री नाही. आमच्या गावच्या हैबतीनं हे मला सांगितलं तेव्हा मी नुकता कॉलेजात जाऊ लागलो होतो. भुतांना हसायची ऐट होती अंगात, म्हणजे नीट ऐकलंही नसेल. उरलंय तेवढं सांगतो. ऐका. आणि ते दार लोटून घ्या आधी.

गावाबाहेर संस्थानचा दवाखाना. आवारात तो बांधणाऱ्या राजाचा ब्राँझचा पुतळा, दीड पुरुष उंच, काळा. उजवा हात पुढे केलेला. कुणी वाट विचारली की शिपाई म्हणायचा, "राजाचा हात बघा. तिकडं बाळंतिणी." खेड्यातली माणसं त्या हातावरच चालायची. पाटी वाचणार कोण?

हैबतीची बायको कोंडाई दोन दिवस अडली होती. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. मध्यरात्रीच्या आत पोटात गेलं नाही तर आई आणि मूल, दोघंही हातची जाणार. हैबती व्हरांड्यात कानांवर हात दाबून बसलेला. सासू कडाडली, "जावईबापू, बायकोचं वरडणं ऐकवंना व्हय? मग पाय तरी हलवा!"

निघाला. रात्रीचा, एकटा, हातात कंदील. बाजारपेठेतला दुकानदार उठवला, बाटली घेतली, कमरेला बांधली. परत येताना वेळ वाचवायला मागच्या फाटकाची पाऊलवाट धरली. तिथंच चुकला!

पुतळा दिसला. हात डावीकडे. हैबती डावीकडे गेला. समोर काय? धोबीघाट! ओल्या चादरी, माणूस नाही. म्हणाला, आपलंच चुकलं. माणूस आधी स्वतःलाच दोष देतो, नाही का?

परत आला. हात आता उजवीकडे. गेला उजवीकडे. कुलूप लावलेला दरवाजा. कंदील वर धरला, तर मुडदेखाना! पळत मागे आला.

चौथरा रिकामा.

ऐका हं. रिकामा! आणि पुढे अंधारात, दगडावर धातू आपटावा तसं... ठण्ण. ठण्ण. कुणीतरी चालत होतं.

"हैबती, ये. कोंडाई इकडं आहे."

रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हैबतीलाही ठाऊक होतं. पण राजानं बोलावल्यावर गप्प कसं राहायचं? तो म्हणाला, "आलो, महाराज."

संपलं! पाय त्याचे राहिले नाहीत. ठण्ण, एक पाऊल. ठण्ण, दुसरं. मग अंगठ्यानं एक खडा उडाला. आवाज नाही. आणि मग कुठंतरी खोल, डुबुक!

कठडा नसलेली विहीर. पायाची बोटं काठाबाहेर. आणि पलीकडून, पाण्यावरून, तो काळा हात पुढे आलेला, तळवा वर.

"दे औषध. मी पाजतो तिला."

हैबतीनं कमरेची बाटली सोडून हातात घेतली. हात लांब केला. एवढंच अंतर. एवढंच!

तेवढ्यात मागून कोंडाई किंचाळली. मागून, बरं का! राजा दाखवतोय पुढे, आणि बायको ओरडतेय पाठीमागं. राजाला पाठ दाखवू नये, असं त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले. हैबतीनं पाठ दाखवली. कंदील सुटला, विहिरीत गेला. मिट्ट काळोख. तिचं ओरडणं धरून तो पळाला. ज्या ओरडण्याला कान झाकत होता, तेच आता थांबू नये म्हणून देवाला हात जोडत पळाला! मागे ठण्ण, ठण्ण, ठण्णठण्ण... व्हरांड्याच्या पायरीवर आदळला तेव्हा थांबलं.

"आलास रं बाबा!" म्हणत सासूनं बाटली ओढून घेतली. पहाटे मुलगी झाली. कोंडाई जगली.

म्हणून सांगतो, मागच्या फाटकाच्या वाटेनं जाऊ नका. कितीही घाई असो, मोठ्या रस्त्याचा वळसा घाला. आणि कुणी वाट दाखवलीच, तर आपलं माणूस कुठून हाक मारतंय ते आधी ऐका.

चकवा असेल. दोन रात्रींचं जागरण असेल. मी स्वतःला बरंच समजावून पाहिलं. पण बावीस वर्षांनी ती विहीर उपसली, तेव्हा मी मुद्दाम काठावर जाऊन उभा राहिलो. गाळातून औषधाच्या सात बाटल्या निघाल्या. मी दोनदा मोजल्या. सातही भरलेल्या होत्या, बुचं घट्ट लावलेली.