रेघेखालची गल्ली

मतदारयादीत नाव घालायचा शेवटचा दिवस होता. खिडकीपाशी माझ्यापुढे एक बाई आणि तिची कॉलेजात जाणारी लेक उभ्या होत्या. आत कारकून.

“बाई, तुमचं घर आमच्या प्रभागात नाही. शेजारच्या कार्यालयात जा.”

“तिथूनच आले, साहेब. ते म्हणाले, तुमच्याकडे.”

“हा नकाशा बघा. नवी हद्द तुमच्या गल्लीवरूनच गेलीय. घर रेघेखाली आलंय.”

“म्हणजे मी राहते कुठे?”

“नकाशाप्रमाणे... रेघेत.”

“आई, थांब जरा. साहेब, इथे एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर. तुमची रेघ दोन मिलिमीटर जाड आहे. वीस मीटर गल्ली गिळलीत तुम्ही.”

“आता तू मला शिकवणार?”

“आम्हाला परीक्षेला हेच असतं. हद्द आधी शब्दांत ठरते, मग नकाशावर येते, मग जमिनीवर खुणेचे दगड बसतात. आमच्याकडे दगड कुठेत?”

“बसायचेत अजून.”

“ऐका साहेब, मी कपडे शिवते. बोथट खडूने आखून माप चुकलं, तर गिऱ्हाइकाला दंड बारीक करून ये म्हणत नाही मी.”

“वर कळवतो. पुढच्या निवडणुकीला बघू.”

“पुढच्या नाही, याच. अर्ज घ्या. नाहीतर लिहून द्या, ही बाई कुठेच राहत नाही.”

“असं कसं लिहून देऊ?”

“तोंडाने तर आत्ताच बोललात की!”

“बाजूला व्हा. पुढचे कोण? या.”

पुढचा मी होतो. मी जागचा हललो नाही. माझ्या मागचंही कुणी हललं नाही.