बीपीची गोळी

बालाघाटच्या दवाखान्यात नूतन आईच्या औषधांसाठी रांगेत उभी होती. पुढे लामता गावचे प्रेमलाल आणि त्यांची बायको शेवंताबाई होती. खिडकीतल्या बाई त्यांना प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या गोळ्या समजावत होत्या.

"बाबाजी, मोठी गोळी उपाशीपोटी. जेवून दोन तास झाल्यावर घ्या, अन् मंग एक तास काही खाऊ नका."

"पन जेवनासंग म्हनले होते ना?"

"ते छोटी गोळी."

"मी तं दोन्ही भातासंगच घेऊन राह्यलो."

नूतनलाही कोणती केव्हा, ते नीट कळेना.

"आत जाऊन डॉक्टरसाहेबाले हे आत्ताच सांगा," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"मोठी गिळवत नाही, म्हनून सून कुटून देते."

"कुटायची नाही, अख्खी गिळायची. सून पोटुशी तं नाही ना?"

"पाचवा चालू हाय," शेवंताबाई म्हणाली.

"मंग तिनं या गोळीले हातच लावाचा नाही. भुकटी पोटातल्या लेकराले बाधू शकते. तिच्या डॉक्टरीनबाईलेही सांगा."

शेवंताबाईनं सुनेला फोन लावला आणि हातानं झाकून धरला.

"काय सांगू तिले? तुमीच म्हनले, बीपीची गोळी हाय म्हनून सांग."

"हौ."

"मंग बीपीच्या गोळीले हात काहून लावाचा नाही, असं विचारलं तं?"

प्रेमलाल खिडकीसमोरून बाजूला झाले. नूतननं मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं.

"आन इकडे," ते म्हणाले. "श्रिया, बेटा, खाली बस जराशी. मले कोनता आजार हाय, ते सांगाचं राह्यलं."