कापडी चिरंजीव

कुरिअरच्या रांगेत माझ्यापुढे कापडी खेळणी शिवणाऱ्या बाई होत्या. खोकं चिकटवण्याआधी माल दाखवायचा, हा त्यांचा नियम. म्हणून स्वतःचाच बाहुला करून घेतलेलं गिऱ्हाईकही शेजारी उभं होतं.

“पोट जरा जास्तच झालंय हो.”

“तुमच्याच फोटोवरून बेतलंय, साहेब.”

“थोडा कापूस काढायचा ना.”

“काढलाय की. चांगला दोन मुठी.”

“आणि केस?”

“होते तेवढे लावले.”

“बरं, जाऊ दे. आई ओळखेल ना?”

“न ओळखायला काय झालं? चष्मा आहे, हनुवटीवरचा तीळ आहे. कानाला फोनसुद्धा शिवलाय, तुम्ही सांगितलंत तसा.”

“हां, तो हवाच. म्हणजे तिला वाटेल, मी कामात आहे.”

“पत्ता सांगा, खोक्यावर लिहिते.”

“वृद्धाश्रम, पाण्याच्या टाकीजवळ.”

“कुठली टाकी? ही समोरची?”

“तीच.”

“अहो, मग कुरिअर कशाला? पाच मिनिटांवर तर आहे. स्वतःच नेऊन द्या की!”

“नाही हो जमत. गेलं की ती हात धरून बसते, सोडता सोडत नाही. अख्खी सकाळ मोडते माझी.”

“असं होय!”

“म्हणून तर हा करून घेतला.”

“मग बरं झालं बाई, हातांना दुहेरी शिवण घातलीय मी.”